राष्ट्रपतींनी न विचारलेला प्रश्न

१/
भारताच्या राष्ट्रपतींविषयी दोन ठाम मते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. पहिले मत असे की हे पद म्हणजे रबरी शिक्का. पुढे येईल त्या कागदावर उमटायचे, एवढेच त्याचे काम. दुसरे मत असे की राष्ट्रपतींनी मनावर घेतले तर ते कोणत्याही सरकारला वठणीवर आणू शकतात. माझ्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत आणि त्यांच्या गदारोळात एक लहानसा, पण अतिशय मोलाचा अधिकार झाकला गेला आहे. हा थ्रेड त्या अधिकाराविषयी.

२/
सुरुवात एका रात्रीपासून करू. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द केली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला सशर्त स्थगिती दिली. २५ जूनच्या संध्याकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची विराट सभा झाली. आणि त्याच रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या हाती पंतप्रधानांचे एक पत्र पडले.

३/
पत्राचा आशय असा: अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षिततेला तातडीचा धोका आहे, म्हणून अनुच्छेद ३५२ खाली आणीबाणीची उद्घोषणा करावी. हा विषय मंत्रिमंडळापुढे नेला असता, परंतु आज रात्री बैठक बोलावणे शक्य नाही. सकाळी सर्वप्रथम तो मंत्रिमंडळापुढे ठेवू. मध्यरात्र उलटण्यापूर्वी राष्ट्रपतींची सही झाली होती.

४/
बैठकीवाचून हे करता आले ते भारत सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमावलीतील १२ व्या नियमामुळे. आवश्यक वाटेल तेथे आणि तेवढ्यापुरती या नियमांतून सूट देण्याची मुभा हा नियम पंतप्रधानांना देतो. अडीअडचणीसाठी ठेवलेली ही खिडकी. तिच्यातून त्या रात्री साठ कोटी लोकांचे स्वातंत्र्य बाहेर गेले. गंमत अशी, की अनुच्छेद ७७ नुसार ही नियमावली खुद्द राष्ट्रपतींच्या नावाने केलेली असते.

५/
सही झाली आणि पोलिसांच्या गाड्या निघाल्या. पहाटेपूर्वी जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई आणि विरोधी पक्षांचे अनेक नेते अटकेत होते. दिल्लीतील अनेक वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली होती. मंत्रिमंडळाची बैठक भरली ती २६ जूनच्या सकाळी सहा वाजता. ज्या निर्णयावर चर्चा करायची, तो तोवर अंमलात आलेला होता. मंत्र्यांनी त्याला संमती दिली.

६/
आता प्रश्न असा की फक्रुद्दीन अली अहमद ‘नाही’ म्हणू शकत होते का? बहुतेक वाद याच प्रश्नाभोवती फिरतात. मला तो प्रश्न अपुरा वाटतो. तो का, हे समजण्यासाठी संविधान सभेत जावे लागेल.

७/
४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राष्ट्रपतिपदाचे स्थान स्पष्ट केले होते. अमेरिकेच्या अध्यक्षाशी त्याचे केवळ नावाचे साम्य आहे; खरे साम्य इंग्लंडच्या राजाशी आहे. राष्ट्रपतींना मंत्र्यांच्या सल्ल्याविरुद्ध काही करता येणार नाही, आणि त्यांच्या सल्ल्याविनाही काही करता येणार नाही. यातील पहिला अर्धा भाग सर्वांना ठाऊक असतो. दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवा; पुढे तोच कामी येणार आहे.

८/
परंतु संविधानाच्या मूळ शब्दांत हे बंधन उघडपणे लिहिलेले नव्हते. अनुच्छेद ७४ एवढेच म्हणत होता की राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिपरिषद असेल. तो सल्ला मानलाच पाहिजे, असे वाक्य कोठे होते? १९४९ मध्ये ही शंका संविधान सभेतच विचारली गेली, आणि ती विचारणारे होते सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद. काही महिन्यांतच ते देशाचे पहिले राष्ट्रपती झाले!

९/
राष्ट्रपती झाल्यावरही त्यांच्या मनातून ती शंका गेली नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिलावर संसदेत रणधुमाळी चालू असताना, त्यांनी पंतप्रधान नेहरूंना कळवले की या विधेयकाबाबत आपल्याला स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यायचा आहे. नेहरूंनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत मागवले. दोघांचेही उत्तर एकच होते: राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावे लागेल.

१०/
राजेंद्रबाबूंनी ते मानले. पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये हिंदू विवाह, वारसा, अज्ञानत्व व पालकत्व, दत्तक व पोटगी असे चार कायदे संसदेने केले, आणि त्या चारही विधेयकांना संमती राजेंद्रबाबूंनीच दिली. मनाला न पटलेल्या विधेयकांवर त्यांनी केलेल्या त्या सह्या मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत थोर कृत्यांपैकी वाटतात.

११/
येथे ‘कणखर राष्ट्रपती’ हवा म्हणणाऱ्यांनी क्षणभर थांबावे. १९५१ मध्ये राष्ट्रपतींचे वैयक्तिक मत प्रमाण ठरले असते, तर स्त्रियांच्या वारसाहक्काचे काय झाले असते? थेट जनतेने न निवडलेल्या एका व्यक्तीच्या पसंतीवर संसदेचा कायदा अडून राहणे, हा उपाय रोगापेक्षा भयंकर आहे. आज तुम्हाला नकोसे विधेयक अडेल. उद्या तुम्हाला हवे असलेले अडेल.

१२/
२८ नोव्हेंबर १९६० रोजी, भारतीय विधी संस्थेच्या इमारतीच्या पायाभरणीच्या समारंभात, राजेंद्रबाबूंनी पुन्हा सुचवले की राष्ट्रपतींचे अधिकार नेमके किती, याचा अभ्यासकांनी शोध घ्यावा. त्या वेळी फार काही घडले नाही. न्यायालयाची भूमिका मात्र स्थिर होत गेली. १९५५ च्या राम जवाया कपूर खटल्यात राष्ट्रपती हे घटनात्मक प्रमुख आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. २३ ऑगस्ट १९७४ रोजी शमशेर सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने तेच अधिक ठामपणे सांगितले.

१३/
त्या तारखेकडे पाहा. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्ट १९७४ रोजी, फक्रुद्दीन अली अहमद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. म्हणजे सल्ला मानावा लागतो, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. त्यांचे समर्थक नेमके हेच म्हणतात: सही करण्यावाचून त्यांच्यापुढे पर्याय नव्हता.

१४/
माझा आक्षेप येथे आहे. बंधनकारक सल्ला कोणाचा? अनुच्छेद ७४ म्हणतो, मंत्रिपरिषदेचा. २५ जूनच्या रात्री मंत्रिपरिषदेने कोणताही सल्ला दिलेला नव्हता. बहुसंख्य मंत्र्यांना तर त्याची वार्ताही नव्हती. आंबेडकरांच्या मांडणीचा तो दुसरा अर्धा भाग आठवा: सल्ल्याविनाही काही करता येणार नाही.

१५/
आणि राष्ट्रपतींच्या हातात एक साधन १९५० पासून होते. अनुच्छेद ७८ चा खंड (ग) पाहा. एखाद्या मंत्र्याने निर्णय घेतला असेल, पण मंत्रिपरिषदेने त्यावर विचार केलेला नसेल, तर तो विषय मंत्रिपरिषदेपुढे ठेवण्यास राष्ट्रपती सांगू शकतात, आणि तसे करणे हे पंतप्रधानांचे कर्तव्य ठरते. आणीबाणीला नकार देण्याची गरजच नव्हती. ‘मंत्रिमंडळ काय म्हणते?’ एवढा एक प्रश्न पुरेसा होता. तो विचारला गेला नाही.

१६/
विचारला असता तर आणीबाणी टळली असती का? तसे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सकाळी सहा वाजता जे मंत्री मान डोलावून मोकळे झाले, त्यांनी रात्री अकरा वाजताही बहुधा मान डोलावलीच असती. पण मग अटका होण्यापूर्वी त्यांना स्वतःचे नाव त्या निर्णयाला जोडावे लागले असते. घडून गेलेल्या गोष्टीला होकार देणे सोपे असते. आपल्या होकाराने ती घडणार आहे, हे माहीत असताना होकार देणे जड जाते. हा काही तासांचा फरक मला क्षुल्लक वाटत नाही.

१७/
आणखी एक बाब. डिसेंबर १९७१ च्या युद्धाच्या वेळी पुकारलेली बाह्य आक्रमणाची आणीबाणी १९७५ मध्येही उठवलेली नव्हती. म्हणजे देशाच्या रक्षणासाठी लागणारे असाधारण अधिकार सरकारच्या हाती होतेच. मग दुसरी उद्घोषणा कशासाठी, आणि तीही रात्रीतच कशासाठी? हा दुसरा न विचारलेला प्रश्न. डिसेंबर १९७५ मध्ये अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र प्रसिद्ध झाले: न्हाणीच्या टबात बसलेले राष्ट्रपती दारातून आलेल्या अध्यादेशावर सही करत आहेत. रबरी शिक्क्याची प्रतिमा लोकांच्या मनात पक्की झाली ती अशी.

१८/
यानंतरचा इतिहास फार बोलका आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ७४ मध्ये लिहूनच टाकले की राष्ट्रपती मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानुसार वागतील. राजेंद्रबाबूंची शंका अशी सत्तावीस वर्षांनी कायमची मिटली. जनता पक्षाचे सरकार आल्यावर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हे वाक्य काढून टाकले असेल, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. वाक्य राहिले, त्याला एक परंतुक जोडले गेले.

१९/
ते परंतुक म्हणजे या थ्रेडचा गाभा. राष्ट्रपती मंत्रिपरिषदेला सल्ल्याचा फेरविचार करण्यास सांगू शकतात. फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र त्यांना मानावाच लागेल. आणीबाणीत तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांनीसुद्धा राष्ट्रपतींच्या हाती नकाराधिकार दिला नाही. त्यांनी एकदा थांबवण्याचा, एकदा विचारण्याचा अधिकार दिला. शिवाय अनुच्छेद ३५२ मध्ये नवी अट आली: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याखेरीज आणीबाणीची उद्घोषणा करता येणार नाही. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण वगळून ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले गेले. २५ जूनच्या रात्रीला दिलेले हे थेट उत्तर होते.

२०/
हा अधिकार चालतो कसा, हे के. आर. नारायणन यांनी दाखवले. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेत हाणामारी झाली, पण कल्याण सिंग यांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. तरीही गुजराल मंत्रिमंडळाने तेथे राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली. मंत्रिमंडळाने आग्रह सोडला. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी मंत्रिमंडळाने बिहारमधील राबडी देवी सरकारबाबत तशीच शिफारस केली. तीही परत गेली. दोन वेगवेगळ्या पक्षांची सरकारे, राष्ट्रपतींचा प्रश्न एकच.

२१/
फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारची शिफारस पुन्हा आली, तेव्हा मात्र नारायणन यांनी सही केली. अधिकाराची सीमा त्यांनी तितक्याच काटेकोरपणे पाळली. पुढे काय झाले? राज्यसभेत मंजुरी मिळण्याची चिन्हे दिसेनात, आणि मार्चमध्ये सरकारलाच ती राजवट मागे घ्यावी लागली. राष्ट्रपतींनी उपस्थित केलेली शंका शेवटी संसदेच्या आकड्यांनी खरी ठरवली.

२२/
याच्या उलट उदाहरण ग्यानी झैल सिंग यांचे. नागरिकांची पत्रे उघडण्याचे व्यापक अधिकार देणारे टपाल दुरुस्ती विधेयक १९८६ मध्ये संसदेने संमत केले. झैल सिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही; ते पडून राहिले. अनेकांना यात त्यांचा पराक्रम दिसतो. विधेयक घातक होते आणि ते कायदा झाले नाही, हे चांगलेच झाले. तरीही पद्धत मला पटत नाही. अनुच्छेद १११ मध्ये कालमर्यादा नाही, या फटीचा तो फायदा होता. मौन म्हणजे कोणाचेच उत्तरदायित्व नसलेला नकार.

२३/
कलामांचा मार्ग मला अधिक सरळ वाटतो. मे २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचे विधेयक त्यांनी कारणांसह परत पाठवले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा संमत केले, आणि ऑगस्टमध्ये कलामांनी सही केली. ते हरले, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. मला तसे वाटत नाही. त्यांनी खासदारांना तोच निर्णय दुसऱ्यांदा, देशाच्या डोळ्यांदेखत घ्यायला लावला. याच कलामांनी मे २००५ मध्ये मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या उद्घोषणेवर रातोरात सही केली होती, आणि जानेवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने ती घटनाबाह्य ठरवली. माणूस तोच, एकदा त्याने वेळ घेतला, एकदा घेतला नाही.

२४/
आता महाराष्ट्र. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठल्याची अधिसूचना निघाली, आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. आधार कोणता घेतला होता? कामकाज नियमावलीतील तोच १२ वा नियम. २६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तातडीने बहुमत चाचणी घेण्याचा आदेश दिला आणि त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला.

२५/
दोन्ही घटना एका मापाने मोजू नयेत. १९७५ मध्ये देशभर स्वातंत्र्य हिरावले गेले. २०१९ मध्ये एका राज्यातील केंद्राची राजवट संपली. पण वाट तीच होती: रात्र, पंतप्रधानांची मुभा, मंत्रिमंडळाची अनुपस्थिती आणि राष्ट्रपतींची सही. हे शक्य झाले, कारण ४४ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयाची अट घातली ती केवळ अनुच्छेद ३५२ ला. राज्यांतील राजवटीच्या अनुच्छेद ३५६ ला ती लागू नाही. दाराला कुलूप लावले, खिडकी उघडीच राहिली.

२६/
म्हणून माझे म्हणणे दोनच गोष्टींचे आहे. एक, अनुच्छेद ३५६ खालील उद्घोषणा करताना आणि ती मागे घेतानाही मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय अनिवार्य असावा. दोन, राष्ट्रपतींनी सल्ला फेरविचारासाठी पाठवला, तर त्यांची कारणे आणि मंत्रिमंडळाचे उत्तर संसदेपुढे ठेवले जावे. विधेयक परत येते तेव्हा राष्ट्रपतींचा संदेश सभागृहांकडेच येतो, म्हणून देशाला कळतो. कार्यकारी सल्ल्याबाबत मात्र प्रश्न विचारला गेला की नाही, हेच पुष्कळदा कळत नाही. बंद पाकिटातला प्रश्न कोणालाही अडवत नाही.

२७/
शेवटी शपथ. मंत्री संविधानाशी निष्ठा बाळगण्याची शपथ घेतात. राष्ट्रपतींची अनुच्छेद ६० मधील शपथ वेगळी आहे: संविधानाचे जतन, संरक्षण आणि प्रतिरक्षण करण्याची. सल्ला मानणे आणि संविधान राखणे यांत विरोध असेल तर काय, असे तरुण अभ्यासक नेहमी विचारतात. संविधानाने उत्तर दिले आहे: एकदा थांबवा, कारण विचारा, मग लोकनियुक्त सरकारला त्याचा निर्णय आणि त्याची जबाबदारी दोन्ही घेऊ द्या.

२८/
तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी एखाद्या राष्ट्रपतींच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करायला बसाल, तेव्हा ‘त्यांनी सरकारला विरोध केला का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी पाहा की कागद पुढे आला तेव्हा रात्र होती की दिवस, मंत्रिमंडळ बसले होते का, आणि सही करण्यापूर्वी राष्ट्रपतींनी काही विचारले का. २५ जून १९७५ च्या रात्री या तिन्ही प्रश्नांची उत्तरे काय होती, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

(समाप्त)